डागडुजी की नवी उभारणी?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. अशी भट्टी वर्षानुवर्षे अहोरात्र धगधगत असते. आतील विटांचे अस्तर झिजू लागले, की प्रथम चालू भट्टीतच डागडुजी करतात. परंतु एक वेळ अशी येते, की भट्टी थंड करून सारे अस्तर नव्याने चढवावे लागते.

संगणकाच्या बाबतीतही हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली लिनक्स प्रणाली आज जगभरच्या प्रयोगशाळांत व कार्यालयांत राबत आहे. तिच्या आवृत्त्यांना आयुर्मर्यादा असते. सेंटओएस लिनक्स ७ या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. देखभाल संपली, म्हणजे सुरक्षेतील नवी भगदाडे बुजविणे थांबले. मग करावे काय?

एक मार्ग जागच्या जागी उन्नतीचा. त्यात माणसांची खाती, कागदपत्रे आणि मांडणी कायम राहते. डेबियनसारख्या प्रणालीत मात्र मधली आवृत्ती गाळून उडी घेता येत नाही. एकेक पायरी चढावी लागते. शिवाय जुना गाळही बरोबर येतो. दहा यंत्रांवर दहा हातांनी वेळोवेळी केलेले फेरफार असले, तर एकाच उन्नतीचे दहा परिणाम दिसतात.

दुसरा मार्ग नव्या स्थापनेचा. पूर्वी त्यासाठी प्रत्येक यंत्रापुढे बसून प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. रेड हॅटच्या ‘किकस्टार्ट’ने व डेबियनच्या ‘प्रीसीड’ने हा शीण घालविला. सारी उत्तरे एका फाइलीत आधीच लिहून ठेवायची. यंत्र जाळ्यावरून ती वाचते आणि स्वतःच सिद्ध होते. शंभर यंत्रे एकसारखी उभी राहतात.

या सोयीतच धोकाही आहे. तबकडी पुसण्याची आज्ञा त्या फाइलीत असली, तर यंत्र पुन्हा विचारीत नाही. संशोधकाचे वर्षांचे श्रम क्षणात नाहीसे होतात. म्हणून माहिती वेगळ्या तबकडीवर असावी, तिची प्रत काढलेली असावी आणि ती प्रत उघडते की नाही, हे आधीच पाहिलेले असावे.

यंत्र एकटे असून त्याच्या मांडणीची कोठेच नोंद नसेल, तर उन्नती बरी. यंत्रे अनेक व एकाच कामाची असतील, तर नवी स्थापना श्रेयस्कर. दोन्ही मार्गांत पहिला प्रयोग एखाद्या रिकाम्या यंत्रावर करावा. भट्टी विझविण्यापूर्वी नव्या विटा आणि नकाशे हाताशी असावे लागतात. येथेही तोच नियम लागू आहे.