मॉनिटर घेताना इंचांच्या पलीकडे

पनवेलहून सीएसएमटीला लोकलने जायचं म्हणजे सव्वा तासाच्या वरच. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करायची मुभा मिळाली, की खांदा कॉलनी, कामोठे, नवीन पनवेलमधल्या टू-बीएचकेंत मॉनिटरची खरेदी निघते. दुकानातला पहिला प्रश्न ठरलेला: 'किती इंची दाखवू?' घोळ तिथूनच सुरू होतो.

मोठा मॉनिटर म्हणजे चांगला मॉनिटर, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. इंच म्हणजे पडद्याच्या कर्णाची लांबी, बस्स. अक्षरं किती रेखीव दिसणार, हे एका इंचात किती पिक्सेल आहेत त्यावर ठरतं. 24 इंची फुल एचडी पडद्यावर, म्हणजे 1920 × 1080 ला, इंचाला साधारण 92 पिक्सेल मिळतात. तेवढेच पिक्सेल 27 इंचांवर पसरले की 82 उरतात. पैसे जास्त मोजले, पण पानावर एक ओळही जास्त मावत नाही. अक्षरं तेवढी भरड होतात. 27 इंचीच हवा असेल तर 2560 × 1440 चा घ्यावा, तिथे हा आकडा 109 वर जातो.

मराठीत काम करणाऱ्यांनी तर हे पाहायलाच हवं, आणि दुकानात नेमकं तेच कुणी पाहत नाही. विंडोजच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये अकरा पॉइंटच्या अक्षराला जेमतेम पंधरा पिक्सेलांची उंची मिळते. रोमन लिपीचं त्यात भागतं. आपल्याला मात्र वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार किंवा ऋकार, मध्ये जोडाक्षर, असं सगळं तेवढ्यातच बसवायचं असतं. दुकानदार मॉनिटरवर समुद्राचा नाहीतर पोपटांचा झगझगीत व्हिडिओ लावून ठेवतो. त्यावर कुठलाही पडदा छानच दिसतो. आपली एखादी मराठी फाइल पेन ड्राइव्हवर न्यावी, 100 टक्के झूमवर उघडावी आणि 'उद्ध्वस्त', 'कर्तृत्व', 'संस्कृती' हे शब्द हातभर अंतरावरून वाचून पाहावेत. 'उद्ध्वस्त'मधला 'ध' आणि 'व' वेगळा ओळखू आला, की निम्मी परीक्षा झाली.

'घरात 32 इंची टीव्ही आहे, तोच लावू' हा विचार याच कसोटीवर पडतो. त्या आकाराचे बरेच टीव्ही एचडी रेडी असतात, 1366 × 768 चे. म्हणजे इंचाला जेमतेम 49 पिक्सेल. सोफ्यावरून मॅच बघायला उत्तम, पण टेबलावर समोर ठेवून एक्सेल उघडली की डोळे दुखणारच. शिवाय काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि टास्कबार अर्धा गायब होतो.

फोर-केचं उलट. 27 इंचांवर इंचाला 163 पिक्सेल येतात आणि अक्षरं मुंगीएवढी होतात. स्केलिंग 150 टक्के केलं की मग ती पुस्तकातल्यासारखी स्वच्छ दिसतात. मात्र लॅपटॉपचा पोर्ट एचडीएमआय 1.4 चा असेल तर फोर-के सेकंदाला 30 फ्रेमच मिळतात आणि माउस अडखळत चालतो. त्याला सोनेरी टोकाची महागडी केबल हा इलाज नाही, पोर्टच 2.0 किंवा त्यापुढचा लागतो. टाइप-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र येईलच, हेही धरून चालू नये.

रिस्पॉन्स टाइमचे, म्हणजे मिलीसेकंदांचे आकडे गेम खेळणाऱ्यांसाठी. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट कोटीस एक' कुणासाठीच नाही: नेहमीच्या आयपीएस पडद्याचा खरा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास असतो, व्हीए पडद्याचा साधारण तिप्पट.

आता डोळ्यांचं. निळ्या प्रकाशामुळे डोळे थकतात, म्हणून खास चष्मा किंवा वरून चिकटवायची फिल्म घेणारे बरेच दिसतात. 2023 मध्ये वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 17 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा चष्म्यांमुळे डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या कमी मिटतो आणि डोळे कोरडे पडतात, हे खरं कारण. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहावं, हा फुकटचा उपाय.

जागेबद्दलही दोन चुका घरोघरी दिसतात. एक म्हणजे मॉनिटर खिडकीसमोर किंवा खिडकीला पाठ करून ठेवणं. बॉक्स ग्रिलमधून येणारं दुपारचं ऊन एकतर पडद्यावर चमकतं, नाहीतर पडद्यामागून डोळ्यांत येतं. खिडकी बाजूला येईल असं टेबल लावावं. दुसरी चूक पुस्तकांच्या थप्पीवर मॉनिटर चढवण्याची. वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हे साध्या नजरेसाठी ठीक. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर जवळचं पाहायला काचेचा खालचा भाग वापरावा लागतो, मग हनुवटी वर आणि मान मागे. अशांनी मॉनिटर उलट खाली घ्यावा.

पावसाळ्यात लाइट जाते-येते म्हणून स्टॅबिलायझर विकला जातो. मॉनिटरचा पॉवर सप्लाय सहसा 100 ते 240 व्होल्ट सहज चालवून घेतो. बॉक्सवर किंवा अडॅप्टरवर ते छापलेलंच असतं. खरी गरज नीट अर्थिंगची आणि छोट्या यूपीएसची. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वाय-फाय राउटर आणि मॉनिटर बंद पडतात आणि मीटिंगमधून आपण गायब. 24 इंची मॉनिटर साधारण वीस वॅट घेतो, तेवढं छोटा यूपीएसही ओढतो. विजेच्या बिलाची धास्तीही याच आकड्याने कमी होईल: रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तरी चारच युनिट.

32 इंचांवरच्या मॉनिटरला 28 टक्के जीएसटी, हेही आता जुनं झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 टक्के आहे.

एक डेड पिक्सेल निघाला तरी कंपनी मॉनिटर बदलून देते, असं समजू नका. किती ठिपक्यांपुढे बदलून मिळेल, हे बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत लिहिलेलं असतं. म्हणून घरी आल्या दिवशीच पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे कोरे पडदे लावून तपासा आणि खोकं माळ्यावर टाकायची घाई करू नका. लॅमिंग्टन रोडला दोन पैसे स्वस्त मिळतो म्हणून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला 410206 हा पिन कोड सांगून विचारा: बिघडला तर माणूस घरी येणार, की खोकं घेऊन आपणच हार्बरच्या गर्दीत चढायचं?