उतरलेले वजन आणि हातातले यंत्र

वाचकांपैकी ज्यांनी कधी काळी वजन उतरविण्याचा निश्चय केला असेल, त्यांस एक अनुभव खचित आला असेल. वजन उतरू लागले म्हणजे घरीदारी कौतुक होते. सदरा सैल होतो, ओळखीचे लोक रस्त्यात थांबवून विचारपूस करतात. परंतु उतरलेले वजन उतरलेलेच राहिले, तर त्याचे कौतुक करावयास कोणी येत नाही. गतवर्षी पंचाहत्तर किलो होते, यंदाही पंचाहत्तरच आहे, ही काय सांगण्यासारखी वार्ता झाली? खरी कसोटी मात्र तेथूनच सुरू होते. आज या कामी मोबाईलमधील ॲप, मनगटावरील पट्टा, पावले मोजणारे घड्याळ अशी साधने पुष्कळांच्या हाती आली आहेत. वजन उतरविताना त्यांचा जो उपयोग होतो तो सर्वांस ठाऊक आहे. पुढील लांबच्या व कंटाळवाण्या वाटेवर ती कितपत सोबत करतात, हे आम्ही स्वतःच्या व शेजाऱ्यांच्या अनुभवावरून पाहिले आहे.

बेळगावचे आमचे वडगाव हे विणकरांचे गाव. हातमागावर बसणाऱ्या माणसाचे हात आणि पाय दिवसभर हलत असत. त्यास व्यायामाचा उपदेश करावा लागत नसे. पुढे यंत्रमाग आले, आणि त्यानंतरची पिढी दुकानात, कचेरीत, संगणकासमोर बसू लागली. बैठक वाढली, ताट मात्र तेच राहिले. त्यात आमच्या गावास सणांची वाण नाही. आषाढात मंगाई देवीची यात्रा आली की घरोघर पाहुणे येतात, मग गणपती, दिवाळी, आणि आमच्यासारख्यांच्या घरी नाताळच्या करंज्या. कुंद्याची गोष्ट तर बेळगावकरांस सांगावयास नको. पाहुण्याच्या हाती तो दिल्यावाचून आम्हांस निरोप पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

सन 2022 च्या जानेवारीत आमचे वजन चौऱ्याऐंशी किलो होते. मुलाने मोबाईलमध्ये एक ॲप घालून दिले. त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. वर्षाची वर्गणी भरली आणि आम्ही कामास लागलो. प्रारंभी मौजही पुष्कळ झाली. जेवण झाले की काय खाल्ले ते नोंदवावयाचे, म्हणजे यंत्र उष्मांकांचा हिशेब सांगे. यादीत भाकरी होती, परंतु ती कोणाच्या हातची? आमच्या घरची एक भाकरी म्हणजे यंत्राच्या दोन. 'एक वाटी' म्हटले, तर पिठल्याची वाटी निराळी आणि कढीची निराळी. बरेच शब्द इंग्रजी, अक्षर बारीक. चष्मा शोधेपर्यंत काय खाल्ले याचे विस्मरण होई. तरीही कबूल केले पाहिजे की, लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही प्रथमच आपल्या खाण्याकडे डोळे उघडून पाहिले. चहाबरोबरची बिस्किटे आम्ही कधी जेवणात धरलीच नव्हती. यंत्राने ती धरली. पहाटे येळ्ळूर रस्त्याने फिरावयास जाण्याची सवय लागली. सप्टेंबरात काटा पंचाहत्तरवर आला.

येथपर्यंत यंत्राची सोबत उत्तम होती. पुढे काय करावे हे मात्र त्यास सुचले नाही. पडद्यावरील रेषा सपाट झाली आणि शाबासकी बंद पडली. यंत्र नवे लक्ष्य मागू लागले: आता बहात्तर करा, आता सत्तर करा. आहे तेथे राहणे हेही काम आहे, हे त्याच्या हिशेबात जणू बसतच नव्हते. सलग इतके दिवस नोंद केली याची ते एक साखळी दाखवी. एका नातेवाइकाच्या अंत्यविधीस गेलो असता त्या दिवशीची नोंद राहिली आणि साखळी तुटली. रात्री नऊ वाजता खिशातून सूचना आली की, आपण आज जेवणाची नोंद केलेली नाही. त्या क्षणी आम्हांस जो उबग आला, तो पुन्हा गेला नाही.

डिसेंबर आला, नाताळ झाला. वजन दोनेक किलो वाढले असावे. 'असावे' म्हणण्याचे कारण असे की, आम्ही काट्यावर पाऊलच ठेवले नाही. ठेवले असते तर तो आकडा यंत्रात भरावा लागला असता, आणि यंत्राने तो तांबड्या रंगात दाखविला असता. ज्या काळी मदत सर्वांत अधिक हवी होती, नेमक्या त्याच काळी आम्ही ते साधन दूर सारले. प्रथम सूचना बंद केल्या, मग ॲप उघडणे बंद झाले, मग वर्गणी संपली. सन 2023 च्या जूनमध्ये दवाखान्यातील काट्यावर उभे राहिलो तो एक्याऐंशी.

ही गोष्ट आमच्यापुरती असती तर लिहिली नसती. आमच्या आळीत एक बाई आहेत. आम्ही त्यांस मावशी म्हणतो. त्यांस मधुमेह आहे. बारा किलो वजन उतरवून त्यांनी साखर आटोक्यात आणली होती, आणि डॉक्टरांनी गोळ्याही कमी केल्या होत्या. त्या व्हॉट्सॲपवरील एका मोठ्या समूहात होत्या. तेथे त्यांचे अभिनंदन झाले, फुलांची व टाळ्यांची चित्रे आली. दीड वर्षाने वजन परत आले, गोळ्याही परत आल्या. मावशींनी समूहात ते सांगितले नाही. एके रात्री त्या गुपचूप समूहातून बाहेर पडल्या. "काय सांगायचं वो मास्तर," त्या आम्हांस म्हणाल्या, "आधी एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या न्हवं, आता कुठल्या तोंडानं लिहू?"

मावशी आपल्यालाच दोष देत होत्या, आणि आम्हीही तेच करीत होतो. म्हणून शरीराची बाजू सांगितली पाहिजे. मनुष्य वजन उतरवितो तेव्हा शरीर ते दुष्काळ समजते. भूक वाढविणारे स्राव वाढतात, तृप्तीची जाणीव देणारे घटतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दहा आठवड्यांच्या अल्पाहारानंतर झालेले हे फेरफार वर्ष लोटले तरी पूर्ववत झाले नव्हते. वजन राखणारा मनुष्य वर्षानुवर्षे किंचित अधिक भुकेला असतो, आणि ही गोष्ट त्यास कोणी सांगितलेली नसते.

मधुमेही माणसास तर हे राखणे फारच मोलाचे. ब्रिटनमध्ये स्कॉटलंड व टाइनसाइड या भागांत एक मोठा प्रयोग झाला. थोड्या वर्षांपूर्वी मधुमेह जडलेल्या व इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांस तेथे आहाराच्या योगे वजन उतरविण्यास साहाय्य दिले. वर्षाअखेर त्यांतील शेकडा 46 लोकांचा मधुमेह औषधावाचून मागे हटला होता. दोन वर्षांनी हे प्रमाण 36 वर आले. परंतु दोन वर्षांनंतरही ज्यांचे दहा किलोंहून अधिक वजन उतरलेले होते, त्यांच्यात ते 64 होते.

आता साधनांविषयी. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, वजन उतरविलेल्या 314 लोकांचे तीन गट केले होते. एका गटास अधूनमधून केवळ एक वार्तापत्र येई. दुसऱ्यास संगणकावरून, इंटरनेटद्वारे मार्गदर्शन होते. तिसऱ्याच्या प्रत्यक्ष बैठकी होत. शिकवण दुसऱ्या-तिसऱ्या गटांस एकच होती. अठरा महिन्यांनी पाहिले तो 2.3 किलो अथवा अधिक वजन परत आलेले लोक वार्तापत्राच्या गटात शेकडा 72, इंटरनेटच्या गटात 55 आणि बैठकींच्या गटात 46 होते. या शेवटच्या दोन गटांत जे रोज वजन करीत, त्यांचे वजन परत येण्याचा संभव कमी आढळला. आणखी एका प्रयोगात, जो 2008 साली प्रसिद्ध झाला, 1032 माणसांस अडीच वर्षे पाहिले. ज्यांस महिन्यातून एकदा एक माणूस भेटे, तेही बहुधा टेलिफोनवर पाच ते पंधरा मिनिटे, त्यांचे सरासरी 4 किलो वजन परत आले; ज्यांस संगणकाचे साधन दिले त्यांचे 5.2 किलो, आणि ज्यांस आपापले पाहा म्हणून सोडले त्यांचे 5.5 किलो. संगणकाच्या गटास पहिली दोन वर्षे थोडा लाभ दिसला होता. पुढे तो विरला. मनगटी पट्ट्यांच्या भक्तांस 2016 चाही एक निष्कर्ष ठाऊक असावा. दंडावर बांधावयाचे हालचाल मोजणारे यंत्र ज्या तरुणांस दिले, त्यांचे वजन दोन वर्षांत 3.5 किलोंनी उतरले. ज्यांस यंत्र दिले नव्हते त्यांचे 5.9 किलोंनी. (दिवसाला दहा हजार पावलांचा जो मंत्र घड्याळे जपतात, तोही मुळी वैद्यांचा नव्हे, 1965 साली जपानात विक्रीस आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून तो निघाला.)

यावरून यंत्रे फेकून द्यावीत असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या मराठी मुलखातच याचे निराळे उदाहरण आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून दोन वेळच्या जेवणाची पद्धती लोकांपुढे मांडली: दोनदाच जेवावे, जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावे, आणि रोज पंचेचाळीस मिनिटे चालावे. 2018 च्या सुमारास तिची घरोघर चर्चा होती. त्या आहारपद्धतीविषयी वैद्यमंडळींत मतभेद आहेत, आणि तो निवाडा आमचा नव्हे. आम्हांस लक्षात घेण्यासारखी वाटली ती तिची रीत. तिने निराळे यंत्र मागितले नाही, वर्गणी मागितली नाही. जे व्हॉट्सॲप सुनेच्या आणि सासूच्या हाती आधीच होते, त्यावरच समूह झाले, आणि प्रश्नोत्तरे आपल्या भाषेत होऊ लागली. तेथे भाकरीला भाकरीच म्हणत. पलीकडे माणूस आहे, एवढे समाधान पुष्कळांस पुरेसे झाले.

मात्र मावशींच्या अनुभवाने आम्हांस शिकविले की, माणसे फार झाली म्हणजे तीही पडद्यासारखीच होतात. शेकडो लोकांसमोर वाढलेला आकडा लिहिण्याचे धैर्य कोण करील? म्हणून 2023 च्या जुलैत आम्ही चौघांनीच एक समूह केला. मावशी, यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ, एक निवृत्त टपाल कर्मचारी आणि आम्ही. नियम एकच. शनिवारी सकाळी, चहापूर्वी, काट्याचे छायाचित्र पाठवावयाचे. टाळ्या वाजवावयाच्या नाहीत आणि उपदेशही करावयाचा नाही. वरील 2006 च्या प्रयोगात तीन रंगांची एक युक्ती होती, ती आम्ही जशीच्या तशी उचलली. ठरलेल्या वजनाहून 1.4 किलोपर्यंत वाढले तर हिरवा. त्याहून अधिक परंतु 2.3 किलोंच्या आत असेल तर पिवळा; पुढे तांबडा. पिवळा आला की त्या आठवड्यात काय झाले याचा विचार करावयाचा. तांबडा आला की वजन उतरविण्याचा क्रम पुन्हा आरंभावयाचा. दोन किलो परत पाठविणे सोपे असते, सहा किलो परत पाठविताना माणूस थकतो.

यंत्राची एक गोष्ट या काळात आम्हांस पुन्हा उपयोगी पडली. वजन रोज खालीवर होते. जेवणात मीठ अधिक झाले, रात्री उशिरा जेवलो, तर सकाळी एखादा किलो अधिक दिसतो. ते पाणी असते, चरबी नव्हे. टपाल खात्यातील आमचे मित्र या चढउताराने फार घाबरत. त्यांच्या मुलीने मोबाईलमध्ये एक साधे ॲप घातले, जे सात दिवसांची सरासरी काढून एकच रेषा दाखविते. ते काही विचारीत नाही, सूचना पाठवीत नाही, साखळी मोजीत नाही. हे मित्र आता रोज वजन करतात आणि रेषेकडे पाहून निश्चिंतपणे पेपर वाचावयास बसतात. असली साधने बनविणाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, वजन राखणाऱ्या माणसाकडून रोज तीन जेवणांची नोंद मागू नका, त्यास एका आकड्याऐवजी दोन आकड्यांमधील पट्टा द्या, आणि तो महिनाभर आला नाही तर परत येताच आधी जुना हिशेब पुढे करू नका.

एक सूचना मात्र देणे आमचे कर्तव्य आहे. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी कोणत्याही ॲपच्या किंवा समूहाच्या सांगण्यावरून जेवण गाळू नये. साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांस विचारावे. मावशींनी तसेच केले, आणि या खेपेस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे वर्षभरात सात किलो उतरविले.

आमचे वजन सध्या शहात्तरच्या आसपास आहे. गेल्या यात्रेच्या आठवड्यात ते पिवळ्यात गेले होते. तो शनिवार आम्ही छायाचित्र न पाठविता तसाच जाऊ दिला. पाहुणे होते, मोबाईल सापडत नव्हता, अशी कारणे मनाशी तयारही ठेवली होती. दहाच्या सुमारास मावशी दळण घेऊन दारावरून चालल्या होत्या. त्या थांबल्या आणि पायरीखालूनच म्हणाल्या, "काय वो मास्तर, आज तुमचा फोटो आला न्हाई की! काटा बिघडलाय काय?"

आम्ही आत जाऊन काटा बाहेर काढला.