टक्कर होते तेव्हा काय घडते?

शाळेच्या पटांगणात मुले गोट्या खेळतात, ते आपण पाहतोच. स्थिर गोटीला तेवढ्याच दुसऱ्या गोटीने बरोबर मधोमध ठोकले, की ठोकणारी जवळजवळ जागीच थांबते आणि स्थिर असलेली धावू लागते. आता गोट्यांऐवजी ओल्या मातीचे दोन सारखे गोळे घ्या. ते एकमेकांना चिकटतात आणि दोघे मिळून निम्म्या वेगाने पुढे जातात. असे का बरे?

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ साली हाच प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. वॉलिस यांनी मातीसारख्या, न उसळणाऱ्या वस्तूंचा नियम सांगितला. रेन आणि हायगेन्स यांनी गोट्यांसारख्या उसळणाऱ्या वस्तूंचा. दोहोंत एक गोष्ट सारखी निघते. वस्तुमानाला वेगाने गुणले, की संवेग मिळतो. दिशा ध्यानात घेऊन दोन्ही वस्तूंच्या संवेगांची बेरीज करा. टकरीपूर्वी जेवढी, तेवढीच ती टकरीनंतर भरते. शिक्षक बंधुभगिनींनी पट्टीच्या खाचेत गोट्या घरंगळवून हे वर्गात जरूर दाखवावे.

आता हा हिशेब रस्त्यावर नेऊ. रात्रीची वेळ आहे. उसाने भरलेली ट्रॉली कडेला उभी आहे. ट्रॅक्टरसह तिचे वस्तुमान ९,८०० किलो धरा. स्वारासह २०० किलोची मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून आदळली आणि तिथेच अडकली. ट्रॉलीची चाके मोकळी असली, तरी दोघांचा मिळून वेग येतो ताशी जेमतेम १.२ किलोमीटर. म्हणजे ट्रॉली हललीच नाही म्हणा ना! मोटारसायकलने मात्र जवळजवळ सारा वेग एका क्षणात गमावला. भिंतीवर आदळावे, तसेच हे झाले.

आणखी एक गोष्ट आहे. वेग दुप्पट झाला, की गतीची ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून पडणे. ताशी ६० ने आदळणे म्हणजे १४ मीटर खोल कोरड्या विहिरीत पडणे. वेग दुप्पट, पण विहीर चौपट खोल!

मग उपाय काय? झाडावरून सोडलेला आंबा खाली दोघे जण गोणपाट धरून झेलतात. दगडावर तो फुटला असता. त्याचा वेग दोन्हीकडे सारखाच नाहीसा होतो. पण गोणपाट खाली दबते, फळाला थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून मार कमी बसतो. हेल्मेटच्या आतला जाड, हलका थर हेच काम करतो. तो स्वतः चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडा अवधी देतो. मात्र हनुवटीखालचा पट्टा बांधलेला हवा, नाहीतर ते डोक्यावरून उडून जाते. आणि जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. एकदा चेपलेला थर दुसऱ्यांदा तेवढे काम देत नाही.

तेव्हा ट्रॉलीवाल्यांनी मागे लाल परावर्तक लावावेत, तो चिखलाने झाकला असेल तर पुसावा, आणि स्वारांनी अंधारात वेग आवरावा. संवेगाचा हिशेब कोणाला चुकवता येत नाही. टकरीपूर्वीचा वेग मात्र आपल्याच हाती असतो.