धूम्रपानमुक्तीच्या वाटेवर मोबाइलची सोबत

धूम्रपान शरीरास अपायकारक आहे, हे आज कोणालाही नव्याने सांगावे लागत नाही. पाकिटावरच ते चित्रासह छापलेले असते. तरीही व्यसन सुटत नाही. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत असल्याचे आढळले आणि त्यांपैकी ५५ टक्क्यांहून अधिक जणांच्या मनात ते सोडण्याचा विचार होता. म्हणजे उणीव इच्छेची नाही, तर इच्छा तडीस नेण्यास लागणाऱ्या आधाराची आहे. हा आधार खिशातला मोबाइल देऊ शकेल काय, याचा विचार आपण येथे करू या.

प्रथम व्यसनाचे स्वरूप पाहू. धूर आत ओढताच तंबाखूतील निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व क्षणिक सुख देते. मेंदूला त्याची सवय जडते. मग विडी-सिगारेट बंद केली की चिडचिड, बेचैनी, निद्रानाश असे त्रास सुरू होतात. पहिल्या आठवड्यात ते सर्वाधिक असतात आणि साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. प्रत्येक तल्लफ मात्र काही मिनिटांचीच असते. त्या मिनिटांत डॉक्टर जवळ नसतात, घरची माणसेही बहुधा नसतात. फोन मात्र हाताशी असतो. मोबाइलच्या उपयोगाचे मर्म येथेच आहे.

या प्रयत्नांची सुरुवात साध्या संदेशांपासून झाली. ब्रिटनमध्ये ५,८०० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. धीर देणारे व तल्लफ टाळण्याचे उपाय सुचविणारे संदेश ज्यांना नियमित मिळाले, त्यांपैकी १०.७ टक्के लोक सहा महिने व्यसनमुक्त राहिले. ज्यांना असे संदेश मिळाले नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण ४.९ टक्के होते. आपल्या देशातही २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने अशीच संदेशसेवा सुरू केली.

पुढे स्मार्टफोन आले आणि त्यांच्याबरोबर ॲप आले. अमेरिकेत २,४१५ प्रौढांवर दोन ॲपची तुलना करण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एक ॲप तल्लफ जागविणाऱ्या गोष्टी टाळावयास शिकवीत होते. ‘आयकॅनक्विट’ नावाचे दुसरे ॲप तल्लफ आली तर तिच्याशी न झगडता, तिला शरण न जाता, तिला येऊ द्यावे आणि जाऊ द्यावे असे शिकवीत होते. वर्षअखेरीस पहिल्या गटातील सुमारे २१ टक्के, तर दुसऱ्या गटातील सुमारे २८ टक्के लोकांनी गेले महिनाभर धूम्रपान केले नसल्याचे सांगितले.

हे आकडे आशादायक आहेत, पण त्यांची दुसरी बाजूही पाहावयास हवी. चांगल्या ॲपची मदत घेऊनही दहांतील सात जणांना यश आले नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०१९ सालच्या आढाव्यात संदेशसेवेचा लाभ स्पष्ट दिसला, परंतु ॲपविषयीचा पुरावा अपुरा ठरला. ॲप सोबती आहे, वैद्य नव्हे. दुकानात मिळणारे प्रत्येक ॲप शास्त्रीय आधारावर रचलेले असतेच असे नाही.

म्हणून निवड करताना काही गोष्टी पाहाव्यात. ॲप सोडण्याचा दिवस ठरवावयास लावते काय? तल्लफ कोठे, केव्हा, कोणाच्या संगतीत येते, याची नोंद ठेवते काय? त्या क्षणी काय करावे हे सांगते काय? वाचलेले पैसे व लोटलेले दिवस दाखविते काय? पाय घसरला तर दोष न देता पुन्हा आरंभ करावयास सांगते काय? बहुतेकांना एकाहून अधिक प्रयत्न करावे लागतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपली खासगी माहिती ते कोणाला देते, हेही तपासावे.

ज्यांना दिवसाची पहिली विडी उठल्याउठल्याच लागते, त्यांनी केवळ ॲपवर विसंबू नये. निकोटिनचा च्युइंगगम, पट्टी वा इतर औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, त्यांनीही निराश होऊ नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर प्रशिक्षित समुपदेशक मदत करतात.

कुटुंबीयांना आमची एक विनंती आहे. पहिले चार आठवडे घरातील माणूस चिडला, तर तो त्याचा स्वभाव नव्हे, शरीराची झुंज आहे असे समजावे. फोन आठवण करून देईल, दिवस मोजील. पण जेवणानंतर धूम्रपानाची वेळ आली की ‘चला, जरा फिरून येऊ’ असे म्हणणारे माणूस घरातच असावे लागते.