देशाच्या सुरक्षेत कामगाराची भाकरी कुठे?

सोलापूर-धुळे महामार्गावर वाशी तालुक्यातले तेरखेडा लागते. हे फटाक्यांचे गाव. मराठवाड्यात लग्न असो, जयंती असो की दिवाळी, शोभेची दारू म्हटली की पहिले नाव तेरखेड्याचे निघते. वर्षावासातल्या ग्रंथवाचनाच्या समारोपाला मी तिथे गेलो होतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन संपले, खीरदान झाले आणि आयटीआय झालेला एक तरुण जवळ येऊन बसला. पुण्याकडे चाकण-तळेगावच्या एमआयडीसीत काम शोधायला निघालेला. त्याने विचारले, "वकीलसाहेब, इथं फटाक्याचा परवाना द्यायचा तर साहेब लोक येऊन शेड मोजतात, अंतर मोजतात. मग परदेशी कंपनीला परवानगी देताना सरकार काय मोजतं?"

प्रश्न साधा होता, पण त्याने मला विचार करायला लावले.

फटाक्याच्या परवान्याचा कायदा जुना आहे, १८८४ चा. आजचे नियम २००८ चे. एका वेळी १५ किलोपर्यंतचा माल करायचा असेल तर परवाना जिल्हाधिकारी देतात, त्याहून अधिक असेल तर स्फोटके विभाग देतो. दोन शेडमध्ये किती अंतर असावे, एका शेडमध्ये किती माणसांनी बसावे, हे सारे ठरलेले असते. अठरा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. हे नियम किती पाळले जातात हा प्रश्न वेगळा. तेरखेड्याने स्फोटही पाहिले आहेत आणि तिरड्याही उचलल्या आहेत. पण निदान कागदावर तरी दारूबरोबर माणूस मोजला जातो.

आता परदेशी गुंतवणुकीकडे या. २०१७ मध्ये परदेशी गुंतवणूक प्रोत्साहन मंडळ मोडीत निघाले आणि असे प्रस्ताव त्या त्या मंत्रालयाकडे जाऊ लागले. सुरक्षेचा प्रश्न आला की गृह मंत्रालयाचे मत घेतले जाते. कोरोनाच्या काळात, १७ एप्रिल २०२० रोजी, केंद्राने प्रेस नोट ३ काढली. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या, किंवा ज्याचा खरा मालक तिथला आहे अशा, प्रत्येक गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. सर्वांना कळत होते की रोख चीनकडे आहे. या छाननीत मालक कोण, पैसा कुठला, क्षेत्र कोणते, हे पाहिले जाते. त्या कारखान्यात घाम गाळणाऱ्या माणसाचे काय होणार, हा रकाना त्या कागदात नाही.

याची किंमत तळेगावने मोजली. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणे थांबवले. तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालू राहिला. जानेवारी २०२० मध्ये तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकण्याचा करार झाला. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने मोठ्या थाटात तीन चिनी कंपन्यांशी सुमारे ५,००० कोटींचे सामंजस्य करार केले. त्यात ग्रेट वॉलचा वाटा ३,७७० कोटींचा होता. त्याच रात्री गलवान खोऱ्यात आपले २० जवान शहीद झाले. आठवडाभरात राज्याने हे करार थांबवून ठेवले आणि बोट केंद्राकडे दाखवले.

पुढे काय झाले? दिल्लीतून होकार आला नाही आणि कामगारांना कळेल असा कारणांसहित नकारही आला नाही. कंपनी मात्र थांबली नाही. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झाले. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ देण्यात आला. ले-ऑफ म्हणजे कायद्याने मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या निम्मे. निम्म्या पगारात घराचे हप्ते भरायचे की पोरांची फी, हे ज्याचे त्याला माहीत. परवानग्या मिळाल्या नाहीत म्हणून २०२२ च्या मध्यावर ग्रेट वॉलचा करारच संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाईने हा कारखाना घेण्याचा करार केला. त्या करारात जमीन होती, इमारती होती, काही यंत्रे होती. कामगार नव्हते. संघटनेने कोर्टकचेऱ्या केल्या, आंदोलने केली. २०२५ मध्ये तिथून नव्या गाड्या बाहेर पडू लागल्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कारखाना सोडून जाण्याचा निर्णय कंपनीचा होता. पहिला दोष तिचाच. आणि सुरक्षेच्या छाननीला आंबेडकरी चळवळीचा विरोध असण्याचे कारण नाही. चीनबद्दल आम्हाला कोणी देशभक्तीचे धडे देऊ नयेत. पंचशीलाच्या घोषणा चालू असताना, १९५४ मध्ये, तिबेट चीनच्या हाती जाऊ देण्याच्या धोरणावर राज्यसभेत टीका करणारे बाबासाहेबच होते. सीमेवर मरणारा जवान आणि तळेगावचा कामगार बहुधा एकाच थरातल्या घरांतून येतात. म्हणूनच आमचा प्रश्न वेगळा आहे. देशाच्या सुरक्षेसाठी किंमत मोजायची तर ती एकट्या कामगारानेच का मोजावी?

भांडवलाला वाट सापडतेच. याच जनरल मोटर्सचा गुजरातमधला हालोलचा कारखाना २०१७ मध्ये चीनच्या सरकारी मालकीच्या सायक कंपनीकडे गेला. तेव्हा प्रेस नोट ३ नव्हती. पुढे चिनी कंपनीला नवा पैसा आणणे अवघड झाले, तेव्हा भारतीय उद्योगसमूह जेएसडब्ल्यू ३५ टक्क्यांचा भागीदार झाला आणि गाड्या निघत राहिल्या. मालक मालकाशी जुळवून घेतो. कामगाराला असा भागीदार कुठून मिळणार?

"सुरक्षेचा प्रश्न आला की कामगारांचा विचार करायला वेळ नसतो," असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. १५ मे २०२५ रोजी सरकारने सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द केली. ही कंपनी मुंबई, दिल्लीसह अनेक विमानतळांवर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करत होती. कंपनी न्यायालयात गेली. सरकारने कारणे बंद लिफाफ्यात न्यायाधीशांपुढे ठेवली आणि ७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. पण मंजुरी रद्द झाली त्याच वेळी दिल्ली विमानतळाच्या चालकांनी जाहीर केले की सेलेबीचे कामगार जुन्याच अटींवर नव्या कंपन्यांकडे घेतले जातील. म्हणजे मनात आणले तर एका दिवसात होते. विमाने थांबली तर श्रीमंतांचा खोळंबा होतो, म्हणून तिथे कामगार आठवला. तळेगावात कोणाचा खोळंबा होणार होता?

वकील म्हणून आणखी एक सांगतो. औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५-एफएफ होते. उद्योगाचे हस्तांतर झाले तर कामगाराची नोकरी सलग राहावी, नाहीतर त्याला भरपाई मिळावी, असा त्याचा आशय. पण 'आम्ही उद्योग विकला नाही, फक्त जागा आणि यंत्रे विकली' असे म्हणायला वाट मोकळी राहते. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा तिने १०० कामगारांवरून ३०० वर नेली. कामगाराच्या सुरक्षेचे कुंपण असे मागे सरकत गेले आहे.

अमेरिकेत परदेशी गुंतवणुकीच्या छाननीची समिती १९७५ पासून आहे आणि तिला संसदेच्या कायद्याचा आधार आहे. ब्रिटनने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे हा कारभार नियम आणि प्रेस नोटांवर चालत आला. म्हणून मागणी अशी असली पाहिजे: या छाननीसाठी संसदेत कायदा व्हावा. निर्णयाला ठराविक मुदत असावी. चालू कारखान्याचा प्रस्ताव असेल तर कामगार संघटनेचे म्हणणे ऐकले जावे. गुप्त माहिती लिफाफ्यात राहू द्या, पण पोटाचा प्रश्न गुप्त नसतो. प्रस्ताव अडला तर निर्णय होईपर्यंत पूर्ण पगाराची जबाबदारी मालक आणि सरकार यांनी वाटून घ्यावी. आणि पुढे जो कोणी तो कारखाना घेईल, त्याच्या करारात जमिनीच्या आधी कामगारांची यादी असावी. राज्यघटनेच्या कलम ४३-क मध्ये उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग सांगितला आहेच. आम्ही नवे काही मागत नाही.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात औद्योगिक कलहाच्या विधेयकाला विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कामगारांच्या संपात उतरले. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी सरकार, मालक आणि मजूर यांना एका टेबलाशी बसवले. परदेशी गुंतवणुकीच्या टेबलाशी आज तिसरी खुर्चीच नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी इशारा दिला होता की सामाजिक आणि आर्थिक विषमता लवकर दूर केली नाही, तर तिची झळ सोसणारे लोक लोकशाहीची इमारतच उडवून देतील. दारू म्हणजे काय हे तेरखेड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ती कोरडी होत जाते, साचत जाते आणि एक ठिणगी पुरते.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, "बाबा, सरकार तिथं पैसा मोजतं, सीमा मोजतं. तुला मोजत नाही. तुला मोजायला लावणं हे आपल्या चळवळीचं काम आहे."

तो पुण्याला गेला आहे. संघटनेची पावती मात्र पहिल्याच महिन्यात फाड, असे मी त्याला बजावले आहे.