पोटखराबा की परिसंस्था? : महाराष्ट्रातील जांभ्या सड्यांचे नैसर्गिक अधिवास आणि जीवसमुदाय

गोषवारा

कोकणातील व सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे महसुली दप्तरात ‘पोटखराबा’ आणि नियोजनाच्या परिभाषेत ‘पडीक जमीन’ म्हणून ओळखले जातात. प्रत्यक्षात हे सडे म्हणजे अनेक सूक्ष्म अधिवासांची गुंफण असलेली स्वतंत्र परिसंस्था आहे. प्रस्तुत लेखात सड्यांची घडण, तेथील वनस्पती व प्राणी यांचे समुदाय आणि ‘पडीक’ या संज्ञेमुळे त्यांच्यावर होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : सडा, जांभा, सूक्ष्म अधिवास, प्रदेशनिष्ठ प्रजाती, पोटखराबा.

१. प्रस्तावना

पश्चिम घाटाच्या जैवविविधतेचा विचार सामान्यतः सदाहरित अरण्यांच्या अनुषंगाने केला जातो. वृक्षाच्छादन जितके दाट तितकी निसर्गसंपदा अधिक, असे समीकरण अभ्यासक्रमांतून आणि शासकीय योजनांतूनही रूढ झाले आहे. या समीकरणात न बसणारा भूभाग म्हणजे उत्तर पश्चिम घाट व कोकणातील खडकाळ पठारे होत. स्थानिक लोक त्यांना ‘सडा’ किंवा ‘कातळ’ म्हणतात. वर्षातील सात-आठ महिने करपलेले, उजाड दिसणारे हे कातळ पावसाळ्यात अल्पावधीसाठी फुलतात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील कोयना, चांदोली व राधानगरी यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यातील कास पठाराचाही अंतर्भाव होता. त्यामुळे कासला प्रसिद्धी लाभली. तथापि कास हे अशा अनेक सड्यांपैकी केवळ एक उदाहरण आहे, ही बाब दुर्लक्षित राहिली.

२. सड्यांची घडण

दख्खनच्या लाव्हाप्रवाहांपासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचे उष्ण व दमट हवामानात दीर्घकाळ रासायनिक विदारण झाले. पाण्याबरोबर सिलिका व इतर विद्राव्य घटक वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे शिल्लक राहिली. त्यांपासून तांबूस, सच्छिद्र असा जांभा तयार झाला. उघड्यावर आलेला त्याचा पृष्ठभाग कठीण होऊन कवचासारखा बनतो.

महाराष्ट्रात जांभ्याचे दोन स्तर आढळतात. पहिला सह्याद्रीच्या माथ्यावर, साधारणतः एक हजार मीटरच्या आसपास वा त्याहून अधिक उंचीवर आहे. कास, पाचगणी व कोल्हापूर जिल्ह्यातील अनेक पठारे या गटात मोडतात. दुसरा कोकणात समुद्रसपाटीपासून कमी उंचीवर असून रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सडे त्यात येतात. दोन्हींवरील मातीचा थर अत्यंत पातळ असतो. काही ठिकाणी तो मुळीच नसतो.

३. ऋतुचक्र आणि सूक्ष्म अधिवास

सड्यावरील जीवनाला दोन टोकांच्या परिस्थितीशी जुळवून घ्यावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात कातळावर पाणी साचते व वाहते. हिवाळ्यानंतर तोच कातळ तापून कोरडा पडतो. मातीत नत्रादी पोषकद्रव्ये अल्प असतात आणि वाराही जोराचा असतो. या कठोर परिस्थितीमुळे मोठे वृक्ष रुजू शकत नाहीत. वृक्षांचा अभाव हे येथे ऱ्हासाचे लक्षण नसून या अधिवासाचे स्वाभाविक वैशिष्ट्य आहे.

दुरून एकसारखा दिसणारा सडा जवळून पाहता अनेक सूक्ष्म अधिवासांत विभागलेला आढळतो. उघडा कातळ, दगडांच्या भेगा, पाण्याने भरणारे उथळ खळगे, मातीचा पातळ थर असलेले सखल भाग, पाझराच्या ओलसर जागा, सुटे दगड आणि पठाराची कड हे त्यांतील प्रमुख होत. काही सेंटिमीटर खोलीच्या फरकाने माती व पाणी यांचे प्रमाण बदलते आणि त्यानुसार वनस्पतींचा समुदायही बदलतो. डॉ. अपर्णा वाटवे यांनी उत्तर पश्चिम घाट व कोकणातील खडकाळ पठारांच्या स्थितीचा सविस्तर आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला असून, या अधिवासांचे वेगळेपण त्यातून स्पष्ट होते.

४. वनस्पतिसमुदाय

पहिल्या सरींबरोबर उघड्या कातळावरील शेवाळ व नील-हरित जीवाणूंचे थर पुन्हा कार्यरत होतात. ट्रायपोगॉनसारखी गवते पूर्णपणे वाळूनही मरत नाहीत. पाणी मिळताच त्यांची पाने पुन्हा हिरवी होतात. त्यानंतर अल्पायुषी वनस्पतींची मालिका सुरू होते. ओलसर सखल भागात गेंद (एरिओकॉलॉन) व सीतेची आसवे (युट्रिक्युलॅरिया) यांचे ताटवे दिसतात, तर किंचित अधिक माती असलेल्या जागी तेरडा, कवला व सोनकी फुलतात. पाण्याच्या खळग्यांत वायतुरा आढळतो. सातारेन्सिस हे नाव धारण करणारी त्याची प्रजाती प्रदेशनिष्ठ असून तिचे अस्तित्व अशा मोजक्या पठारांशी निगडित आहे. कंदवर्गीय वनस्पती उन्हाळ्यात जमिनीखाली सुप्त राहतात. पठारांच्या उतारांवर सात-आठ वर्षांतून एकदाच सामूहिकरीत्या फुलणारी टोपली कारवी वाढते.

येथील कीटकभक्षी वनस्पती विशेष उद्बोधक आहेत. दवबिंदू (ड्रॉसेरा) पानांवरील चिकट केसांनी कीटक पकडते, तर सीतेच्या आसवांचे सूक्ष्म फुगे ओल्या मातीतील लहान जीव आत ओढून घेतात. नत्राची उणीव भरून काढण्याचे हे उपाय होत. त्यांच्या विपुलतेवरून मातीच्या दारिद्र्याचा अंदाज येतो. हे दारिद्र्यच या समुदायाचे संरक्षक कवच आहे. खत वा बाहेरची माती मिळाल्यास जोमाने वाढणारी सामान्य तणे या नाजूक वनस्पतींना सहज हटवू शकतात.

५. प्राणिसमुदाय

सड्यावरील प्राणिजीवन बहुतांशी दगडाखाली किंवा पाण्यात दडलेले असते. पावसाळी खळग्यांतील काही कवचधारी जीवांची अंडी कोरड्या मातीत टिकून राहतात आणि पाणी साचताच उबतात. बेडकांच्या अनेक जाती याच तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली परिसरात आढळणाऱ्या भेकाची ‘झँथोफ्रायने टायग्रिना’ ही प्रजाती २००९ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली गेली. ती अत्यंत संकटग्रस्त असून तिचे प्रजनन पावसाच्या आरंभी कातळावर साचणाऱ्या उथळ पाण्यावर अवलंबून आहे. जे डबके मनुष्यास निरुपयोगी वाटते, ते एका संपूर्ण प्रजातीचे सूतिकागृह ठरते.

सुट्या दगडांखाली पाली, विंचू व फुरसे आश्रय घेतात. देवगांडूळ हा पायरहित उभयचर ओलसर मातीत राहतो. टिटवी व चंडोल उघड्या जमिनीवरच घरटी करतात. फुलोऱ्याच्या काळात मधमाश्या व इतर कीटक येथे मोठ्या संख्येने येतात. त्यामुळे सडा आणि भोवतालचे अरण्य यांचा परस्परसंबंध टिकून राहतो.

६. मानव आणि सडा

सडा हा निर्मनुष्य प्रदेश कधीच नव्हता. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. पावसाळ्यात व त्यानंतर गुरे सड्यावर चरतात आणि माती असलेल्या जागी भात, नाचणी यांसारखी पिके घेतली जातात. रत्नागिरी व राजापूर परिसरातील सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. कोकणातील या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. शिल्प आणि वनस्पती यांचा आधार एकच, जांभ्याचे कवच, असल्याने त्याचा नाश ही इतिहास व निसर्ग या दोहोंची हानी होय.

७. ‘पडीक’ या संज्ञेचे परिणाम

सातबारा उताऱ्यावर लागवडीस अयोग्य क्षेत्र ‘पोटखराबा’ म्हणून दाखवले जाते. ही नोंद शेतसाऱ्याच्या आकारणीसाठी आहे. जमिनीच्या पर्यावरणीय मूल्याविषयी ती काहीही सांगत नाही. राष्ट्रीय पातळीवरील पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही खडकाळ उघड्या जमिनीचा स्वतंत्र प्रकार आहे. लागवडीचा निकष अशा रीतीने उपयुक्ततेचा एकमेव निकष बनला, की त्या जमिनीचा ‘विकास’ हे कर्तव्य ठरते.

या विकासाची रूपे विविध आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातील माथ्यावरच्या पठारांवर बॉक्साइटचे उत्खनन झाले. कोकणात चिरेखाणींनी कातळ कापला जातो. आंबा व काजूच्या बागांसाठी सुरुंग लावून खड्डे खणले जातात आणि त्यांत बाहेरची माती भरली जाते. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी व वणकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. यांपैकी काही उपक्रमांची आर्थिक गरज नाकारता येणार नाही. बागायतीने अनेक कुटुंबांना स्थैर्य दिले आहे. प्रश्न असा की, निर्णय घेताना नष्ट होणाऱ्या गोष्टींची मोजदादच होत नाही. तोडलेल्या वृक्षांची गणना होते; बुजवलेल्या खळग्याची होत नाही. सद्हेतूने केलेली वृक्षलागवडही येथे हानिकारक ठरू शकते.

संरक्षणाचे उपायही विचारपूर्वक योजावे लागतात. कास येथे पर्यटकांची गर्दी आवरण्यासाठी घातलेल्या कुंपणाच्या इष्टतेविषयी मतभेद झाले. गुरांची मर्यादित चराई थांबल्यास उंच गवत माजून लहान फुलझाडांना प्रकाश कमी पडतो, असा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा आहे.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, सडा म्हणजे अपूर्ण राहिलेले अरण्य नव्हे. पातळ माती, अल्प पोषकद्रव्ये आणि पाण्याचे तीव्र ऋतुचक्र यांतून घडलेली ती परिपूर्ण परिसंस्था आहे. जांभ्याचे कवच एकदा कापले की मानवी कालमानात ते पुन्हा तयार होत नाही. म्हणून येथील हानी वृक्षतोडीपेक्षाही अधिक अपरिवर्तनीय ठरते.

जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या व लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद आहे. सड्यांच्या परिसरातील महाविद्यालयांनी या नोंदींना शास्त्रीय आधार पुरवणे शक्य आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोल, इतिहास व मराठी या विभागांनी एकत्रितपणे खळगे, झरे, फुलोऱ्याचे दिवस, कातळशिल्पे व स्थानिक नावे यांची वर्षानुवर्षे नोंद केल्यास ‘पोटखराबा’ या एका शब्दापुढे ठेवता येईल असा पुरावा उभा राहील. हे काम खाणीचा वा बागेचा प्रस्ताव येण्यापूर्वीच व्हावयास हवे, कारण कापलेल्या कातळावर नोंदण्याजोगे फारसे काही उरत नाही.