सातबारा, रेमंड आणि एर्मेस

कारंजा लाडचा कापूस 'शकुंतला' रेल्वेने मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईला जाई. पुढे त्याचं कापड कोण विणतं, कुणाच्या नावाने विकतं, याच्याशी वऱ्हाडाचा संबंध उरत नसे. आज वाशीम जिल्ह्याची हद्द ओलांडली की यवतमाळच्या लोहाऱ्यात रेमंडचा डेनिम कारखाना आहे, अमरावतीजवळ नांदगाव पेठेत लिननचा. लग्नाच्या बस्त्यात नवरदेवाच्या सुटाला रेमंडच हवं, हा हट्टही इथला जुनाच. म्हणून या कंपनीची मालकी कशी राहिली, हा प्रश्न इथल्या वाचकाला परका वाटायला नको. माझं म्हणणं एवढंच, की घराण्याची कंपनी टिकते ती वारसाच्या कर्तबगारीपेक्षा मालकी कोणत्या नियमाने बांधली आहे यावर.

रेमंडची ठाण्यातली गिरणी 1925 सालची. 1944 मध्ये ती सिंघानिया घराण्याकडे आली. 1980 ते 2000 या काळात अध्यक्ष असलेल्या विजयपत सिंघानियांनी 'पार्क अॅव्हेन्यू'सारखे तयार कपडे आणले, कापडाच्या व्यापाराला फॅशनचं रूप दिलं. माणूस धाडसी, 2005 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, गरम हवेच्या फुग्यातून सुमारे एकवीस किलोमीटर उंच जाऊन आला. 2015 मध्ये त्यांनी आपले सुमारे 37 टक्के समभाग मुलगा गौतम यांच्या नावे केले. दोनच वर्षांनी घराच्या हक्कावरून बाप-लेकाचा वाद उच्च न्यायालयात होता. कोण चूक, कोण बरोबर हे ठरवणं इथे गरजेचं नाही. एवढा मोठा हिस्सा एका सहीने एका हातातून दुसऱ्या हातात गेला, मध्ये तिसरं कुणीच नव्हतं, हे पुरेसं बोलकं आहे.

याच्या उलट उदाहरण पॅरिसच्या एर्मेस या कंपनीचं. ती 1837 ची, सुरुवातीला घोड्यांचा साज बनवणारी. 2010 मध्ये बर्नार आर्नोंच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहाने तिचे सुमारे 17 टक्के समभाग गुपचूप जमवल्याचं उघड झालं. तेव्हा पन्नासहून अधिक नातलगांनी निम्म्याहून जास्त समभाग एका सामाईक कंपनीत अडकवले. एकट्याने विकायची सोय ठेवली नाही. त्या वेळी कंपनी चालवत होते पात्रिक तोमा, जे घराण्यातले नव्हतेच. सहाव्या पिढीतले आक्सेल द्युमा त्यांच्यानंतर प्रमुख झाले. एलव्हीएमएचचा हिस्सा 23 टक्क्यांपर्यंत चढला, तरी 2014 मध्ये तडजोड करून तिला मागे सरावं लागलं.

कुणी म्हणेल, पैसा अमाप असला की एकोपा सोपा. पण एर्मेसमध्येही फाटाफूट झालीच: पाचव्या पिढीतले निकोला प्युएश या सामाईक कंपनीच्या करारात आले नाहीत, 2014 मध्ये देखरेख मंडळातूनही बाहेर पडले. भांडण झालं, पण कंपनीची मालकी जागची हलली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बांधलेली मालकी माणसाचे हात बांधते. विजयपतांसारख्या धडाडीच्या माणसाला पन्नास नातलगांची संमती घेत बसायची वेळ आली असती, तर 'पार्क अॅव्हेन्यू' कधी आलं असतं? मात्र करार समभाग विकण्याला अडवतो, नवे कपडे बाजारात आणायला नाही. तोमांनी आणि द्युमांनी धंदा चालवला तो याच करारासह.

आईबापांनी हयातीत सगळं मुलांच्या नावे करू नये, असं विजयपत यांनी पुढे जाहीर मुलाखतींत सांगितलं. सातबारा मुलाच्या नावे करून बसलेला बाप वाशीममध्येही सापडतो, त्यामुळे हा सल्ला इथे चटकन पटेल. मला तो अपुरा वाटतो. शेवटपर्यंत नाव स्वतःकडे ठेवलं तरी बापामागे वाटणी होतेच, फक्त ती पाहायला बाप नसतो. एर्मेसच्या नातलगांनी समभाग ना मुलांकडे सोपवले, ना स्वतःकडे मोकळे ठेवले. आपल्याकडे अविभक्त कुटुंबाची परंपरा एवढी जुनी, तरी असा लेखी करार धंद्यात क्वचितच होतो. बाप हयात असताना अशा कराराचा विषय काढणं अजूनही अशुभ मानलं जातं.